इंटर्नशिपमध्ये नुसता मायक्रोमीटर धरून उभा आहे, कंपनी बदलू का?

टीई_मेकॅनिकल:
पुणे विद्यापीठ, तिसरं वर्ष. इंटर्नशिप भोसरी एमआयडीसीत, सीएनसी टर्निंगच्या (संगणकावर चालणाऱ्या लेथच्या) छोट्या युनिटमध्ये. क्वालिटीत टाकलंय. दर तासाला पाच शाफ्ट उचलायचे, बाहेरचा व्यास मोजायचा, रजिस्टरला चढवायचा. बस्स. गाइड सर म्हणतात, सर्टिफिकेटशी मतलब ठेव. रिपोर्टमध्ये काय लिहू, 'मोजलं' म्हणून?

पिंपरीचा_पोरगा:
बदल सरळ. स्टायपेंड तरी देतात का? फुकटचा हेल्पर मिळालाय त्यांना.

दुसरी_पाळी:
एवढ्यात बदलू नकोस. माझं आयुष्य टर्निंग शॉपच्या क्वालिटीत गेलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

त्या रजिस्टरमधली एका शिफ्टची मापं क्रमाने ग्राफवर मांड. व्यास हळूहळू वर सरकताना दिसेल आणि मग एकदम खाली येईल. इन्सर्ट, म्हणजे कापणारी टिकली, झिजत जातो तसा जॉब, म्हणजे तुझा शाफ्ट, मोठा येत जातो; ऑपरेटरने ऑफसेट दिला, म्हणजे मशीनमध्ये टूलची जागा दुरुस्त केली, की खाली. तो किती दिला, कशावरून दिला, हे त्याला विचार. शिफ्ट सुटताना नको, कुणी उभं करणार नाही. चहाला विचार, आणि काका म्हणून विचार. ऑपरेटरला हाताखालचा समजणारी इंजिनिअर पोरं कोरडीच परत जातात.

दुसरं, जॉब चकमधून (मशीनच्या पकडीतून) काढल्या काढल्या मोजतोस का? पोलाद एका अंशाला मीटरमागे साधारण 11.5 मायक्रॉन फुगतं. 50 मिमीचा शाफ्ट 20 अंशांनी गरम असेल तर माप खऱ्यापेक्षा 11 मायक्रॉनहून थोडं जास्तच मोठं दाखवणार. टॉलरन्स (मापात चालणारा फरक) 20 मायक्रॉनचा असला तर निम्म्याहून जास्त तिथेच खाल्ला. खालच्या हद्दीजवळचा गरम जॉब तू ओके करतोस, थंड झाल्यावर तो अंडरसाइज. मापनाचं प्रमाण तापमान 20 अंश सेल्सिअस आहे. मे महिन्यात भोसरीत ते कुठून आणायचं! म्हणून मास्टर, म्हणजे ज्याचं माप पक्कं माहीत आहे तो नमुना, जॉबशेजारीच ठेवतात, दोन्ही एका तापमानाला आले की मग मोजतात.

एकच जॉब गरम असताना आणि तासाभराने मोजून फरक लिही. कंट्रोल प्लॅनही (काय, किती आणि कधी मोजायचं त्याचा कागद) मागून घे. पाचच जॉब आणि तेही दर तासाला, हे कुणीतरी काहीतरी बघूनच ठरवलं असेल ना? रिपोर्ट यातच निघतो.

गेजवाली:
मी फ्रेशर्सच्या मुलाखती घेते. सीव्हीवर 'क्वालिटी कंट्रोलचे सखोल ज्ञान' असतं, आणि हातात मायक्रोमीटर दिला की निम्मे जण रॅचेट (ठराविक दाबाला घसरणारी टोकाची मूठ) सोडून थिंबलच (मोठी फिरती नळी) आवळतात. मग पुढे फार काही विचारावं लागत नाही.

टीई_मेकॅनिकल:
रॅचेट वापरतो मॅडम 🙂 मास्टर मात्र सुपरवायझरच्या कपाटात कुलपात असतो. इंटर्नने चावी मागितली तर हसतील का?

दुसरी_पाळी:
हसतील. तरी माग. आणि मास्टरच्या कॅलिब्रेशनची (माप तपासून घेतल्याची) तारीख बघून घे.