मदत हवी आहे: मशीनला कितवी सुई? (पैठणीचा ब्लाउज अडलाय)

नमस्कार मंडळी. मी नाशिकची, सिडकोत राहते. आईचं काळं पायमशीन आता माझ्याकडे आलंय. त्यावर आजवर अभ्रे आणि परकरच शिवले, तेही मशीनला होती त्याच सुईवर. ती कधी बदलली होती हे आईलाही आठवत नाही!

गेल्या आठवड्यात जुन्या जीन्सची भाजीची पिशवी शिवताना जाड शिवणीवर ती सुई मोडली. मेन रोडला गेले. दुकानदार म्हणाला, "कितवा नंबर?" पुढे पैठणीचा ब्लाउज शिवायचाय, म्हणून मला बारीक हवी होती. घरची फॉल लावायची हातसुई १० नंबरची, म्हणजे नंबर मोठा तेवढी सुई बारीक असं समजून ऐटीत १६ नंबर मागितली. आणली ती दाभणच निघाली. सिल्कच्या तुकड्यावर टीप मारून पाहिली, तर धागे ओढले गेले, आणि उसवल्यावर भोकं तशीच.

पैठणी येवल्याहून आणलीय, नणंदेच्या लग्नासाठी. ब्लाउजपीस एकच आहे, त्यामुळे हात धजत नाही. शिवाय मुलाच्या होजिअरीच्या ट्रॅकपँटवर मध्येच टाके सुटतात. रीळ बदललं, दोऱ्याचा ताण सैल-घट्ट केला, फरक नाही. कुठल्या सुया घेऊ?

शिवणवेडी: अगं, हातसुईचं गणित मशीनला उलटं! इथे नंबर वाढला की सुई जाड. पाकिटावर ९०/१४ असे दोन आकडे असतात. ९० म्हणजे ०.९ मिमी जाडी, १४ हा त्याच सुईचा दुसऱ्या पद्धतीचा नंबर. दुकानात १४ म्हटलं की कळतं. रोजच्या सुतीला १४, सिल्कला ११, आणि टोक नवं, तीक्ष्ण हवं. १६ टाकून देऊ नकोस, जीन्सला तीच लागेल. जाड शिवणीवर पायडल सोडून चाक हाताने फिरव आणि कापड मागून ओढू नकोस. ओढलं की सुई वाकते, खालच्या लोखंडी पट्टीवर आपटते आणि मोडते.

पंचवटीचा शिंपी: ताई, होजिअरीला नंबरापेक्षा टोक बघा. बॉलपॉइंट सुई मागा. तिचं टोक किंचित गोल असतं, ते विणीतला धागा न तोडता बाजूला सारून आत जातं. साध्या सुईबरोबर ताणणारं कापड वरखाली होतं, दोऱ्याचा फास नीट पडत नाही, मग शटलच्या (खाली सुईचा दोरा पकडणाऱ्या भागाच्या) टोकाला तो सापडत नाही. तोच तुमचा सुटलेला टाका. ताणाचा स्क्रू उगाच पिळलात!

घरगुती मशीनला एका बाजूने चपट्या बुडाची सुई लागते, कारखान्याची गोल बुडाची नको. लांब खाच असते ती बाजू, जिकडून दोरा ओवता तिकडे ठेवा. आणि पैठणीची चाचणी शिवणीत दडणाऱ्या कडेवरच घ्या. सिल्कवरचं भोक बुजत नाही.

मूळ धागाकर्ती: दोघांचे आभार! आज ११ नंबर आणि बॉलपॉइंट दोन्ही आणल्या. ट्रॅकपँट आख्खी शिवून झाली, एकही टाका सुटला नाही. काका, आता एकच सांगा: बाहीला जरीचा काठ येतोय, आत अस्तरही आहे. तिथे ११ पुरेल की १२ लावू? तोवर कात्री बाजूला ठेवलीय.