संमिश्र संख्यांचा भागाकार: छेदात ५ की १३?

प्रश्न
(७ + ४आय) ÷ (३ − २आय) करायचे आहे (आय म्हणजे √−१). अंश-छेदाला (३ + २आय) ने गुणले. अंश २१ + २६आय + ८, छेद ९ − ४ = ५, म्हणजे उत्तर (२९ + २६आय)/५. पुस्तकात १ + २आय दिले आहे. शिवाय √−४ × √−९ हे ६ यावे असे वाटते, पण कॅल्क्युलेटर −६ दाखवतो. दोन्हीकडे काय चुकते आहे?

उत्तर १
गुणायची संख्या बरोबर निवडलीत. आय² = −१ हे मात्र दोन जागी राहून गेले.

अंशात ४आय × २आय = ८आय² = −८. म्हणून २१ − ८ + २६आय = १३ + २६आय.

छेदात (अ − ब)(अ + ब) = अ² − ब² हे सूत्र ठीकच आहे, पण इथे ब म्हणजे २ नव्हे, २आय. त्याचा वर्ग −४, म्हणून ९ − (−४) = १३. करणींच्या परिमेयीकरणात (छेदातली √२ सारखी मुळे घालवताना) वजाबाकी करायची सवय लागलेली असते, ती इथे नडते. अनुबद्ध जोडीचा (फक्त आयच्या पदाचे चिन्ह उलटे असलेल्या दोन संख्यांचा) गुणाकार इथे नेहमी दोन वर्गांची बेरीज असतो. छेद ऋण किंवा शून्य आला, तर तिथेच थांबून चूक शोधा.

(१३ + २६आय)/१३ = १ + २आय. ताळा: (१ + २आय)(३ − २आय) = ३ − २आय + ६आय + ४ = ७ + ४आय.

उत्तर २
याहून झटपट ताळा: प्रत्येक संख्येच्या दोन्ही भागांच्या वर्गांची बेरीज घ्या. भाज्य ४९ + १६ = ६५, भाजक ९ + ४ = १३, तेव्हा उत्तराची बेरीज ६५ ÷ १३ = ५ हवी. १ + ४ = ५, जुळले. तुमच्या उत्तराची ६०.६८ येते. पण १ − २आय लिहिले असते तरी ५ च आले असते. चिन्हाची चूक या ताळ्यात सापडत नाही, त्यासाठी वरचा पूर्ण गुणाकारच करावा.

उत्तर ३
दुसऱ्या शंकेबद्दल. √अ × √ब = √(अब) हा नियम दोन्ही संख्या ऋण असताना लागू पडत नाही; एकच ऋण असेल तर चालतो. म्हणून ऋण संख्येचे वर्गमूळ दिसताच आधी आय बाहेर काढा, गुणाकार नंतर: २आय × ३आय = ६आय² = −६. कॅल्क्युलेटर बरोबर आहे.

प्रश्नकर्ता
दोन्ही समजले. पण आता पहिलाच भागाकार कॅल्क्युलेटरवर केला तर ७ − (२/३)आय येतोय!

उत्तर ३
कंस राहिले. ७ + ४आय ÷ ३ − २आय असे दिले, की फक्त ४आय ला ३ ने भाग जातो आणि ७ + (४/३)आय − २आय उरते. अंश आणि छेद दोन्ही आपापल्या कंसात टाका.