कोय लावा, पण कलम त्यावरच बांधा

विकतचं कलम परवडत नाही म्हणून आंब्याच्या कोयीच लावतोय, असं काही शेतकरी म्हणतात. कोय जरूर लावा, पण खुंट म्हणून, म्हणजे ज्यावर कलम बांधायचं ते मुळाचं रोप म्हणून. कोयीच्या झाडाला फळ धरायला 6-8 वर्षं सहज जातात आणि ते मूळ झाडासारखंच निघेल याचा भरवसा नसतो. कलमाला तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ दिसू लागतं. थोडी जमीन असलेल्याला ही मधली वर्षंच जड जातात हो!

जागेवर वाढलेल्या खुंटाचं सोटमूळ खोल जातं, तो पाण्याचा ताण सोसतो. खुंटावर बांधायची काडी मात्र दरवर्षी फळणाऱ्या निरोगी झाडाचीच घ्या, साधारण पेन्सिलीएवढी जाड. कापण्याच्या 8-10 दिवस आधी तिची पानं देठ ठेवून छाटा, म्हणजे शेंड्याचा डोळा फुगतो. काडीचं टोक पाचरीसारखं तासून खुंटाच्या चिरेत बसवताना दोघांची साल निदान एका बाजूला तंतोतंत जुळली पाहिजे, कारण सालीखालच्या हिरव्या थरातूनच जोड धरतो. वर प्लास्टिकची पट्टी घट्ट बांधा. जोडाखाली फुटवा दिसला की लगेच काढायचा, नाहीतर खुंटच जोर धरतो.

बांधावर आंबट फळांचं जुनं झाड असेल तर तेही तोडू नका. टप्प्याटप्प्याने फांद्या छाटून नव्या फुटव्यांवर चांगली जात बांधता येते.