रिव्हिएरावरचे जुने घर: विकत घेणाऱ्याला ते बदलण्याचा हक्क असावा का?

पश्चिमकिनारा (धागाकर्ते):
कॅलिफोर्नियातील सॅन्टा बार्बरा शहरामागच्या, समुद्राकडे तोंड केलेल्या टेकडीला रिव्हिएरा म्हणतात. पांढऱ्या गिलाव्याच्या भिंती, लाल कौले, घडीव लोखंडाचे गज आणि मधोमध चौक असलेली १९२० च्या दशकातली घरे तिथे अधूनमधून विक्रीला निघतात. जाहिरातीत ‘ऐतिहासिक’ हा शब्द किंमत चढवायला ठळक छापला जातो आणि सौदा झाला की तोच इतिहास नव्या मालकाला अडगळ वाटू लागतो. माझे मत असे की, शहराने महत्त्वाचे ठरवलेल्या घराचा दर्शनी भाग, छप्पर आणि आवारातले दगडी बांध यांना खरेदीदाराने हात लावू नये. हे शहर आज जसे दिसते ते आपोआप घडलेले नाही. २९ जून १९२५ च्या भूकंपात बाजारपेठ ढासळल्यावर पर्ल चेस, बर्नहार्ड हॉफमन यांच्यासारख्या नागरिकांनी हट्ट धरून नव्या बांधकामाला स्पॅनिश वळण लावले, आणि १९२९ मध्ये उभे राहिलेले काउंटीचे न्यायालय हे त्या हट्टाचे सर्वांत देखणे फळ आहे. शहराच्या जुन्या मध्यभागात १९६० पासून हे वळण नियमानेच राखले जाते. मग टेकडीला वेगळा न्याय कशासाठी?

हिशेबनीस:
पूर्णपणे असहमत. हौस शहराची आणि भुर्दंड मालकाला, असा हा प्रकार आहे. यातली बरीच घरे दिसायला जाड मातीच्या भिंतींची असली, तरी आत लाकडी सांगाडा आणि वरून गिलावा असतो, आणि तो सांगाडा अनेकदा पायाला बोल्टने जखडलेलाही नसतो; जमीन हलली की घर पायावरून सरकते. कौलांचेही तसेच. अर्धगोल कौल स्वतः जळत नाही, परंतु वळचणीच्या शेवटच्या ओळीत त्याचे तोंड उघडे राहिले की तिथे पाखरे घरटी करतात, वाळक्या काड्या साठतात आणि वणव्याच्या वाऱ्याबरोबर आलेली ठिणगी त्या पोकळीतून छपराच्या फळ्यांपर्यंत पोहोचते. नोव्हेंबर २००८ च्या ‘टी फायर’ वणव्यात याच डोंगरउतारांवरची दोनशेहून अधिक घरे गेली. मे २०२३ मध्ये स्टेट फार्म या विमा कंपनीने कॅलिफोर्नियात नवे घरविमे देणेच थांबवले. अशा ठिकाणी मालकाचे हात बांधून ठेवायचे, आणि तेही कशासाठी? इथले मिशन, म्हणजे स्पॅनिश धर्मप्रसारकांचे ठाणे, या भागातल्या मूळच्या चुमाश लोकांच्या श्रमावर उभे राहिले. १९२० च्या दशकातल्या धनिकांनी त्या काळाची गोड तेवढी बाजू उचलली. अशा नकलेचे जतन मला पटत नाही.

गवंडीकाम:
नकलेलाही आता शंभर वर्षे झाली, हिशेबनीस. तेवढ्यात तीही इतिहासात जमा होते. चुमाश लोकांबद्दलचे आपले म्हणणे खरे आहे, पण घर पाडून ते भरून निघत नाही. आपण सांगितलेले दोन्ही दोष दर्शनी भागाला धक्का न लावता दूर होतात: कौलांची तोंडे मसाल्याने बुजवता येतात, आणि जमिनीखालच्या पोकळीत शिरून लाकडी पट्टी पायाला बोल्टने आवळता येते. खर्चाचे म्हणाल तर १९७२ च्या मिल्स कायद्यानुसार मालक जतनाचा किमान दहा वर्षांचा करार करतो, त्याबदल्यात त्याची घरपट्टी कमी होते आणि घर विकले तरी करार नव्या मालकाला लागू राहतो.

हिशेबनीस:
ती सवलत कोणाच्या पदरात पडते, तेही पाहावे. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मंजूर केलेल्या ‘प्रपोझिशन १३’ या नियमामुळे घरपट्टी खरेदीच्या किमतीवर बेतली जाते आणि पुढे वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्क्यांनी वाढते, त्यामुळे चाळीस वर्षे तिथे राहणाऱ्या म्हाताऱ्या मालकाची पट्टी मुळातच कमी असते आणि त्याला या करारातून फारसे काही मिळत नाही. कालपरवा कोट्यवधी डॉलर मोजून आलेल्याला मात्र घसघशीत सूट मिळते, आणि घरपट्टीतून शाळांना मिळणारा तेवढा महसूल बुडतो.

मलबारकर:
मुंबईचे उदाहरण इथे लागू पडते. होमी भाभांचा मलबार हिलवरचा ‘मेहरांगीर’ बंगला एनसीपीए या मुंबईतल्या कलासंस्थेने २०१४ मध्ये लिलावात ३७२ कोटी रुपयांना विकला. स्मारक करावे म्हणून अणुऊर्जा कर्मचारी उच्च न्यायालयात गेले, तरीही २०१६ मध्ये बंगला पाडला गेला. पैसा कलासंस्थेला मिळाला आणि घेणाऱ्याने रीतसर घेतला, तेव्हा दोघांनाही दोष देता येत नाही. बंधन घालायचे तर ते बोली लागण्यापूर्वीच घालायला हवे.

पश्चिमकिनारा:
हे मला मान्य आहे. घर कोणत्या यादीत आहे आणि कशाला हात लावता येणार नाही, हे विक्रीच्या जाहिरातीतच छापणे सक्तीचे करावे. छपराच्या दुरुस्तीला मोकळीक द्यायलाही मी तयार आहे. दर्शनी भाग आणि दगडी बांधांबाबत मात्र नाही.

हिशेबनीस:
म्हणजे किंमत उतरेल, आणि ती घट आज विकायला बसलेल्या त्या म्हाताऱ्या मालकाच्या माथी येईल. त्याला कोणी विचारले आहे का?