६० यार्डांवर अडणारा टर्की
टर्कीच्या शिकारीत एकाची अडचण अशी: मादीच्या आवाजाची नक्कल (कॉल) केली की नर झाडावरून प्रत्येक कॉलला उत्तर देतो, पण खाली उतरला की ६० यार्डांवर येऊन अडतो. एरवी मादीच त्याच्याकडे चालत जाते, म्हणून तुम्ही जितकं बोलवाल तितका तो जागेवर वाट बघत बसतो. पहाटे स्लेट कॉलवर (काडी घासून आवाज काढायची छोटी पाटी) तीन-चार हलके यल्प (मादीची साद), बस्स. तो उतरला की काडी खाली ठेवा आणि हाताने पाचोळा उकरा: दोन झटके, थांबा, पुन्हा एक. मादी चरतेय असंच त्याला वाटतं. जोडीदाराला ३०-४० यार्ड मागे बसवून कॉल करायला लावलं तर आणखी उत्तम. नर त्याच्याकडे निघतो आणि वाटेत तुमच्या बंदुकीच्या टप्प्यात येतो. दवाने स्लेट ओली झाली की काडी नुसती घसरते, म्हणून कोरडं फडकं आणि सँडपेपर खिशात हवाच. अंगावर लाल, पांढरं, निळं काहीही नको. नराच्या डोक्याचे हेच रंग, दुसरा शिकारी फसू शकतो.