मधल्या सुट्टीतला रडीचा डाव : दुसरी-तिसरीच्या मुलांना हार कशी पचवायला शिकवावी?

लिंबाखालची शाळा (परभणी जिल्हा) :

नमस्कार. मी जिंतूर तालुक्यातील एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली-दुसरी माझ्याकडे आणि तिसरी-चौथी सहकारी सरांकडे आहे, परंतु मधल्या सुट्टीत चारही वर्गांची ४१ मुले एकाच जागी असतात, कारण आमचे मैदान म्हणजे शाळेपुढचे अंगण आणि त्यातले एक जुने लिंबाचे झाड. खिचडी खाऊन, टाकीवर ताटल्या धुऊन होईपर्यंत अर्धी सुट्टी सरलेली असते. उरलेल्या वीस मिनिटांत लगोरी, लंगडी, विष-अमृत असे काही ना काही चालते, आणि त्यातली निदान दहा मिनिटे भांडणात जातात.

मागच्या सोमवारची गोष्ट सांगते. तिसरीतला एक मुलगा लगोरी रचत असताना चेंडू त्याच्या पाठीला चाटून गेला. तो रचतच राहिला. समोरचे गडी ओरडले तेव्हा म्हणाला, "मला लागलंच नाही, सदऱ्याला लागलाय." त्यावर दुसरा म्हणाला, "सदरा काय तुझ्या काकाचा हाय का?" सगळे हसले, आणि याने रचलेल्या लगोरीला लाथ घातली. फरशीचा एक तुकडा उडून पहिलीतल्या मुलीच्या घोट्याला लागला. मी खेळ बंद केला आणि त्या मुलाला दोन दिवस मधल्या सुट्टीत ओट्यावर बसवले. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच खेळायला आला नाही, आणि बाकीची मुले ओट्यासमोरून जाताना "रडी, रडी" म्हणून त्याला चिडवत होती.

मला खरे तर हरणाऱ्यांच्या रडण्यापेक्षा जिंकणाऱ्यांचे हे चिडवणे अधिक खुपते. शिवाय दुसरीतली एक मुलगी आहे, जिला गडी वाटताना प्रत्येक वेळी सर्वांत शेवटी घेतले जाते, आणि तिच्यावर राज्य आले की ते सुट्टी संपेपर्यंत उतरत नाही. मी स्वतः पंच म्हणून उभे राहावे का? की अशा लहान मुलांना हार-जीत नसलेलेच खेळ द्यावेत? ज्यांनी हे हाताळले आहे त्यांनी कृपया सांगावे.

खो-खोवाला (धाराशिव जिल्हा) :

मॅडम, पंच होऊ नका. शिक्षक पंच झाला की मुलांचे लक्ष एकमेकांवरून उठून त्याच्या तोंडाकडे लागते. मग आपण बाद झालो की नाही यापेक्षा सरांना काय पटवता येते, याला महत्त्व येते. खो-खोच्या सामन्यात दोन पंच आणि वर एक सरपंच असूनही वाद होतात, तिथे लिंबाखाली एकटी शिक्षिका किती पुरी पडणार?

तुमच्या प्रसंगात त्या मुलाचा हट्ट दिसतो तितका निराधार नाही, कारण सदऱ्याला लागले तर बाद धरायचे की नाही, हे डाव सुरू होण्याआधी कोणी ठरवलेलेच नव्हते. उद्या चेंडू हातात देण्यापूर्वी एवढेच विचारा : "सदऱ्याला लागलं तर काय?" दोन मिनिटे गोंधळ होईल, पण निकाल ती मुलेच लावतील, आणि तो ओट्याच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवायचे काम त्याच मुलाला द्या.

शेवटी उरणाऱ्या मुलीसाठी आपल्याकडे जुनीच युक्ती आहे, ती हल्ली मागे पडली आहे. दोन म्होरके ठरवायचे आणि बाकीच्यांनी साधारण सारख्या ताकदीच्या जोड्या करून लांब जायचे. प्रत्येक जोडीने कानात कुजबुजून दोन नावे घ्यायची आणि गळ्यात हात टाकून येऊन विचारायचे, "कोणी घ्या चिंच, कोणी घ्या बोर." म्होरक्याला चिंच कोण आणि बोर कोण हे ठाऊक नसते, त्यामुळे कोणी कोणाला नाकारले असे होतच नाही. माझ्या शाळेत तर कधी कधी नावे ठेवण्यातच मुलांना खेळापेक्षा जास्त गंमत वाटते. एकदा एक जोडी "कोणी घ्या तहसीलदार, कोणी घ्या तलाठी" म्हणत आली होती.

हार-जीत नसलेल्या खेळांचे म्हणाल, तर मी त्या मताचा नाही. खो-खो लावून पाहा. आमच्याकडे सारिका काळे यांना २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीतील पहिल्या विश्वचषकात आपल्या महिला संघाने नेपाळला ७८-४० असे हरवले, तेव्हापासून मुलींना पळण्याचे वेड लागले आहे. मात्र माझ्या मते लहानांसाठी या खेळाचा गुण वेगळाच आहे. बसलेल्या मुलाला खो मिळेपर्यंत जागचे हलता येत नाही. हलला की फाउल. ज्याला दोन मिनिटे गप्प बसवत नाही ते पोर, सोबत्याने पाठीवर हात ठेवीपर्यंत, गुडघ्यावर हात ठेवून थांबायला शिकते. पुढच्या डावात तेच पाठलाग सोडून जीव वाचवत पळते, म्हणजे दोन्ही बाजू एकाच सुट्टीत अनुभवाला येतात. आठाऐवजी पाच जण बसवा, दोन-दोन मिनिटांचे डाव ठेवा, खांबांच्या जागी दोन दगड चालतील.

निवृत्त गुरुजी (अंबाजोगाई) :

बाई, आपण तळमळीने विचारता म्हणून स्पष्ट लिहितो. राग मानू नये. त्या मुलाला दोन दिवस ओट्यावर बसवले हे मला खटकले. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही मनाई केली आहे, ते असो. पण ज्याला खेळात वागायला शिकायचे आहे त्याला खेळाबाहेर काढले तर ते त्याने शिकायचे कुठे? लाथ मारली की पाच मिनिटे बाजूला, एक तांब्या पाणी, आणि पुन्हा त्याच डावात. सात-आठ वर्षांचे मूल हरल्यावर रडते यात संस्कारांची काही कमतरता नाही. त्याला अजून तो डाव आणि आपण स्वतः यांत फरक करता येत नाही, एवढेच.

मीही नोकरीत असताना चुकलो आहे. जो मुलगा "मी बाद" असे आपणहून सांगेल त्याला शिसपेन्सिल, असे मी एकदा जाहीर केले. आठ दिवसांत अशी वेळ आली की चेंडू चार हात लांबून गेला तरी पोरे हात वर करून माझ्याकडे पळत येऊ लागली. खरेपणा शिकवायला निघालो आणि खोटे बोलण्याचा नवा प्रकार मीच सुरू केला. पेन्सिली संपल्या तेव्हा तो उपक्रमही संपला, हे बरेच झाले.

त्यानंतर मी फक्त एक गोष्ट सांगत असे. फेब्रुवारी १९८० मध्ये मुंबईला वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध कसोटी होती आणि गुंडाप्पा विश्वनाथ आपले कर्णधार होते. इंग्लंडचे पाच गडी स्वस्तात गेले होते, आणि पंचांनी बॉब टेलर यांना यष्टीमागे झेलबाद दिले. टेलर घुटमळले. चेंडू बॅटला लागला नाही याची विश्वनाथ यांना खात्री होती, म्हणून त्यांनी अपील मागे घेऊन टेलर यांना परत खेळायला बोलावले. मग टेलर आणि बोथम यांनी १७१ धावांची भागीदारी केली आणि भारत तो सामना दहा गड्यांनी हरला. इथपर्यंत आलो की दरवर्षी कोणीतरी विचारायचेच, "मग हरलोच की गुरुजी, काय फायदा झाला?" मी "हो, हरलो" एवढेच म्हणून गप्प बसत असे. वर्गात अर्धी पोरे विश्वनाथांना वेड्यात काढत, अर्धी त्यांच्या बाजूने भांडत, आणि ते भांडण मधल्या सुट्टीत मैदानावरही चालू राही. मी निकाल कधीच दिला नाही. सांगणाऱ्याने तात्पर्य जोडले की पोरे ते वहीत उतरवतात आणि विसरतात.

दोन लेकरांची आई (सेलू) :

मी शिक्षिका नाही, परंतु चिडवण्याबद्दल लिहावेसे वाटते. ग्रामपंचायतीचा निकाल लागला की पडलेल्या उमेदवाराच्या दारासमोरच गुलाल उधळायचा आणि तिथेच डीजे अर्धा तास थांबवायचा, हे आमची लेकरे ओट्यावर उभी राहून पाहतात. दुसऱ्या दिवशी शाळेत ती "हरलेऽ हरलेऽ" म्हणाली तर ते त्यांनी कोणत्या पुस्तकातून घेतले, हे शोधायला नको.

आमच्या गल्लीत मुलांनी दोन नियम केले आहेत आणि ते बऱ्यापैकी टिकले आहेत. खेळ संपल्यावर सामान जिंकलेल्यांनी उचलायचे, आणि दुसऱ्या दिवशी पहिला डाव हरलेल्यांचा. दगड आणि चेंडू गोळा करता करता चिडवायला तोंड रिकामे राहत नाही, हा त्यातला खरा फायदा.

गावाकडचा मास्तर (बीड जिल्हा) :

गुरुजींशी सहमत आहे. एक भर घालतो. आमच्याकडे बरीच लेकरे दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. तोवर मैदानावरच्या जोड्या, नियम, म्होरके सगळे ठरून गेलेले असते. त्यांना गावात मागे राहिलेली मुले "कच्चा लिंबू" करून घेत, म्हणजे खेळायचे पण बाद व्हायचे नाही आणि गुणही मोजायचे नाहीत. पहिलीतल्या पोराला ही सवलत गोड वाटते. दहा वर्षांच्या, फडात मोळ्या बांधून आलेल्या मुलाला मात्र तो अपमान वाटतो, आणि तो पहिल्याच दिवशी मारामारी करतो. मी बरेच दिवस मारामारीच तेवढी पाहत होतो.

मग त्यांच्यातल्याच एकाला विचारले की कोपीवर (ऊसतोडीच्या तळावरच्या झोपडीत) तुम्ही काय खेळत होता. त्याने उसाच्या वाळल्या पानांचा, म्हणजे पाचटाचा, मूठभर गोळा केला, त्यावर चिंध्या गुंडाळल्या, सुतळीने उभे-आडवे आवळत नेले आणि दहा मिनिटांत असा चेंडू केला की तो लागला तरी इजा होत नाही. त्या दिवसापासून लगोरी त्याच चेंडूने चालते, आणि "जोरात मारला" म्हणून होणारी निम्मी भांडणे गेली. चेंडू उसवला की सगळे त्याच्याकडेच धावतात. मॅडम, तुमच्या त्या मुलीला काय येते, हे एकदा पाहा; काहीतरी येतच असेल.

लिंबाखालची शाळा (परभणी जिल्हा) :

सर्वांचे मनापासून आभार. गुरुजी, राग मुळीच आला नाही. त्या मुलाजवळ बसून मी चुकले असे सांगितले, तेव्हा तो माझ्याकडे न बघता पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला.

बारा दिवस झाले. आता भिंतीवर त्याच्याच अक्षरात लिहिलेले आहे : "सदऱ्याला लागले तरी बाद. केसाला लागले तर नाही." केसांचे कलम मुलींनी घालून घेतले. पहिले तीन दिवस त्याने स्वतः लिहिलेल्या नियमावरच वाद घातला. गुरुवारी मात्र लगोरी पूर्ण रचून झाल्यावर त्याने हात वर केला आणि म्हणाला, "मगाशी लागला होता." मग रचलेली लगोरी धरायची की नाही यावर मोठी चर्चा झाली आणि धरायची नाही असे ठरले. तो टाकीजवळ जाऊन बसला, चेहरा फुगलेलाच होता, पण लाथ घातली नाही आणि घंटा व्हायच्या आत परत आला.

चिंच-बोराची युक्ती मुलांना फारच आवडली. त्या मुलीला जीभ टाळ्याला लावून चेंडू पडल्याचा हुबेहूब आवाज काढता येतो, असे कळले आहे. त्याचा खेळात काय उपयोग, ते अजून कोणाला सुचलेले नाही, परंतु जोडीला तिला बोलावतात. चिडवणे थोडे कमी झाले आहे, थांबलेले नाही.

सेलूच्या ताईंना एक सांगायचे आहे. दुसऱ्या दिवशीचा पहिला डाव मिळावा म्हणून शुक्रवारी चौथीच्या गड्यांनी चक्क मुद्दाम हरण्याचा प्रयत्न केला, आणि समोरच्यांच्या ते लक्षात आले. आता तो नियम बदलायचा की ठेवायचा यावर सोमवारी खिचडीनंतर मुलांची बैठक आहे. मला त्यांनी फक्त ऐकायला बोलावले आहे.