गावच्या घरी राहणारे आईवडील : रोज कोण काय करतं?

माझी आई कुडाळजवळच्या एका वाडीत एकटी राहते. वय ७९. बाबा गेल्यावर तिला दोनदा डोंबिवलीला आणलं. दोन्ही वेळा महिन्याभरात 'माका घराक न्हेवन सोड' सुरू झालं. आता ती तिथेच राहणार, हे आम्ही मान्य केलंय.

शेजारच्या काकी सकाळी सातला आमच्या खळ्याकडे बघतात. सडा पडला नसेल तर येऊन हाक मारतात. गेल्या थंडीत एकदा तो पडला नव्हता. आई न्हाणीत घसरून पहाटेपासून तिथेच बसलेली होती. हाड मोडलं नव्हतं, पण ते दोन तास आठवले की अजून पोटात गोळा येतो.

तुमच्याकडे काय सोय आहे? योजनांची नुसती नावं नकोत. रोज कोण काय करतं, ते लिहा.

बीड जिल्हा
मी गावातली आशा स्वयंसेविका आहे. आमच्याकडे दसरा-दिवाळीला ऊसतोडीचे कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, साखर कारखान्यांकडे निघाले की गुढीपाडव्यापर्यंत गावात उरतात म्हातारी माणसं आणि शाळेतली नातवंडं. ज्यांना सांभाळायचं, त्यांच्याच गळ्यात सांभाळणं. बीपीच्या गोळ्या उपकेंद्रात फुकट मिळतात, पण पोरांच्या भाकरी थापता थापता आजीची स्वतःची गोळी राहून जाते. एका घरी मी नातवालाच कामाला लावलं. शाळेला निघताना आजीला गोळी द्यायची आणि कॅलेंडरवर रेघ मारायची. चौथीतलं पोरगं, पण एक दिवस चुकवत नाही. मी गेले की आधी कॅलेंडर दाखवतं, मग पाणी आणतं.

मोबदल्याच्या कागदात म्हाताऱ्या माणसाजवळ बसलेला अर्धा तास कुठेच भरता येत नाही. तरी मी बसते. त्यांना बोलायचं असतं.

वाई
सासऱ्यांना लकवा मारून तीन वर्षं झाली. उजवी बाजू गेली. संडासात कमोडची खुर्ची ठेवली, भिंतीत धरायला पाइप बसवून घेतला. गवंड्यानं तो सवयीनं उजव्या हाताला बसवला आणि आमच्याही लक्षात आलं नाही. पुन्हा भिंत फोडली. म्हणून सांगते, आधी माणसाला तिथं बसवा, चालता हात कुठं पोचतो ते बघा, मग पेन्सिलीनं खूण करा. खाटेच्या पायांना सुतारानं खाचा पाडलेले लाकडी ठोकळे दिलेत, त्यामुळं त्यांना उठताना आता माझा खांदा लागत नाही.

'सून चांगली मिळाली' असं सगळे म्हणतात. पण मला चार दिवस माहेरी जायचं असलं की कुणी पुढं येत नाही. खरी सोय ती हवी आहे.

सोलापूर जिल्हा
आमच्या दादांना श्रावणबाळ योजनेच्या पेन्शनचे महिना १५०० रुपये मिळतात. पण जन्मभर कुदळ-फावडं धरून बोटांच्या रेषा झिजल्यात, मशीनवर अंगठा उठतच नाही. तीनदा तालुक्याहून रिकाम्या हातानं परत आले. आता पोस्टमन घरी येऊन आधारवर पैसे काढून देतात. हात कोमट पाण्यानं धुवून, पुसून, एकेक बोट लावून बघतात. डाव्या हाताचं मधलं बोट चालतं. २०२२ पासून पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट आहे, पण गाडी फाट्यावर थांबते आणि फाटा दोन किलोमीटर. म्हणून घरी येणाऱ्या माणसाची किंमत आम्हाला कळते.

लातूर
आम्ही आजीला शहरात आणलं, हेही लिहायला हवं. ती रात्री उठून चूल पेटवायची आणि विसरून निजायची. शेजाऱ्यांनी दोनदा आग विझवली. विसर इतका वाढला असेल तर शेजाऱ्यांच्या नजरेवर भार टाकू नका. ती अजून गावाचं नाव घेते आणि मला वाईट वाटतं. पण तो निर्णय मी आजही तसाच घेईन.

सांगली
कुडाळच्या ताई, पावसाळ्यात सडा कुठला? तेव्हा काकींना कसं कळतं?

कुडाळ
तेव्हा न्हाणीच्या चुलीचा धूर. कौलांतून निघाला की पाणी तापतंय, म्हणजे आई उठली. भाऊ या सुट्टीत तिथे गॅसचा गीझर बसवणार होता. तुमचा प्रश्न वाचून त्याला आत्ता फोन केला. आधी काकींशी बोलून दुसरी खूण ठरवतो, गीझर मग.